शाळा सुटल्यापासून घरी पोचेपर्यंत : बडोद्यात किशोरवयीन मुलांसाठी उपक्रम सुरू करताना

बडोद्यात ‘शाळा सुटल्यावर’ म्हणजे किती वाजता, हे आधी शोधून काढा. प्रश्न साधा वाटतो, पण आमचा पहिला उपक्रम इथेच अडला. इथल्या बऱ्याच शाळा दोन पाळ्यांत भरतात. सकाळपाळीची मुलं साडेबारा-एकला सुटतात आणि दुपारपाळीची साडेपाचच्या पुढे. एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी मोठी एक वाजता मोकळी होते, तेव्हा धाकटी नुकती वर्गात जाऊन बसलेली असते. आम्ही सरसकट संध्याकाळी साडेपाचची वेळ ठेवली. दुपारपाळीची मुलं दप्तरासकट, भुकेली आणि दमलेली यायची. सकाळपाळीची तोवर ट्यूशनला गेलेली असायची. नोंदलेली नावं पंचवीस, येणारी नऊ.

दांडिया बाजार-रावपुरा भागात आठवी ते दहावीच्या मुलांसोबत मी काही वर्षं काम करते आहे. आपल्या गल्लीत, आपल्या सोसायटीत असं काही सुरू करावं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की या शहरात खोल्या आहेत, शिकवणारी माणसं आहेत, तालमी आहेत, ग्रंथालय आहे, विद्यापीठ आहे. नवीन काही बांधायची गरज फार थोडी पडते. आपलं काम आहे या सगळ्यांना एका वेळापत्रकात गुंफायचं आणि कोणी काय कबूल केलं आहे ते स्पष्ट ठेवायचं.

आधी दोन आठवडे नुसतं विचारत फिरा

मुलांना ‘तुम्हाला काय हवंय?’ असं विचारू नका. उत्तर येतं ‘क्रिकेट’, नाहीतर ‘काहीही चालेल’. त्याऐवजी विचारा, ‘काल शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस?’ आणि तो सांगेल तसं, तासातासाने लिहून घ्या. वीस मुलांची अशी वीस पानं जमली की समोर चित्र उभं राहतं. आम्हाला दिसलं ते असं. एक मुलगा रोज चार तास वडिलांच्या दुकानात बसतो. एकीला संध्याकाळी नळाला पाणी येतं त्या वेळी घरी असावंच लागतं, कारण आई कामावर असते. तिघं-चौघं दुपारी एक ते पाच बंद घरात मोबाइल घेऊन एकटी असतात. ट्यूशन तर जवळजवळ सगळ्यांनाच. या पानांवरून आम्ही सकाळपाळीच्या मुलांसाठी मंगळवार, गुरुवार, शनिवार दुपारी दोन ते चार ही वेळ ठरवली. दुपारपाळीसाठी काय करायचं हा प्रश्न पुढल्या वर्षावर टाकला. दोन्ही पाळ्यांना एकदम हात घालू नका.

आयांशी वेगळं बोला. मुलासमोर आई मोकळेपणाने बोलत नाही आणि आईसमोर मुलगा तर नाहीच नाही. आईला तीन गोष्टी विचारा : किती वाजेपर्यंत बाहेर चालेल, न्यायला कोण येईल आणि कोणती गोष्ट अजिबात चालणार नाही.

भाषेबद्दल एक सांगते. बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांतली बहुतेक मुलं आता गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. आजीशी मराठी, मैत्रिणींशी गुजराती, वहीत इंग्रजी. आमच्याकडे मला निम्मी मुलं ‘काकू’ म्हणतात आणि निम्मी ‘बेन’. उपक्रमाच्या पाटीवर ‘मराठी मुलांसाठी’ असं लिहू नका. या वयाची मुलगी एकटी कुठे जात नाही, मैत्रिणीला घेऊन जाते, आणि तिची मैत्रीण शेजारच्या पोळीतली, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीतली, पटेलांची असते किंवा वाडीतल्या मुसलमान घरातली. मैत्रिणीला दार बंद केलंत, तर आपली मुलगीही यायची थांबते. मराठी टिकावी असं मनापासून वाटत असेल तर खेळ, नाटुकली, गाणी मराठीतून घ्या. सगळ्याच मुलांच्या कानांवर ती पडेल.

कोणाकडे काय आहे, ते पायी फिरून पाहा

भागीदार शोधताना आपण मोठ्या नावांकडे धावतो. मी म्हणते, आधी आपल्या घरापासून पंधरा मिनिटं चालून पोचता येईल एवढाच परिसर पाहा. त्यापलीकडे गेलं की रिक्षाचा खर्च आणि आईची काळजी दोन्ही वाढतात. एका कागदावर चार रकाने आखा : जागा, माणसं, कला-कौशल्य, भरवसा. प्रत्येक संस्था एखाद्याच रकान्यात बसते. सगळं एकाकडून मागू नका.

जुन्या बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या काळापासून यातलं बरंच काही मिळालेलं आहे. मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय घ्या. महाराजांनी बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून १९१० मध्ये त्याची उभारणी सुरू केली. त्या काळात इथून पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव पाठवत. माणसं जिथे बसतात तिथे पुस्तक पोचवायचं, ही रीत आपल्याही कामाची आहे. महिन्यातून एकदा मुलांना ग्रंथालयात न्या, पण रोजच्या बैठकीत तीस-चाळीस पुस्तकांची एक पेटी ठेवाच. ग्रंथालयाशी बोलून पाहा. नाही जमलं तर ओळखीच्या घरांतून जमवा. तेरा-चौदा वर्षांचं मूल कपाटातून पुस्तक मागून घ्यायला लाजतं, पण उघड्या पेटीत हात घालतं.

दुसरी गोष्ट तालमींची. प्रा. माणिकरावांनी आपल्या गुरूंच्या नावाने चालवलेलं जुम्मादादा व्यायाम मंदिर याच शहरातलं. मल्लखांब, लेझीम, लाठी यांची परंपरा इथे आजही आहे. या वयाला शरीराचं काम फार मानवतं. गणित आलं की नाही हे सहा महिन्यांनी कळतं. मल्लखांबावर पहिली उलटी उडी जमली की ते त्याच क्षणी कळतं आणि सगळ्यांसमोर कळतं. आमच्याकडे शाळेत दोनदा नापास झालेला एक मुलगा होता. खांबाला एरंडेल लावून, पायाच्या अंगठ्यांची पकड घेऊन तो ज्या दिवशी वर चढून उलटा स्थिर राहिला, त्याच्या पुढच्या वेळी तो दोन वाजायच्या आधीच येऊन बसला होता. पुढे त्याने वर्षभर एकही दिवस चुकवला नाही. तालमीच्या उस्तादांशी बोलताना मात्र मुलींची बॅच, तिची वेळ आणि तिथे कोण बाई हजर असणार, हे आधीच ठरवा.

महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची स्वतंत्र विद्याशाखा आहे आणि मानवी विकास शिकवणारा विभागही. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी जागा लागतात. चांगली देखरेख असेल तर ही मुलं-मुली उपक्रमाचा कणा होऊ शकतात, पण त्यांचं वर्ष उन्हाळ्याआधी संपतं. ज्या ताईशी मुलं जुळलेली असतात ती एक दिवस येईनाशी होते आणि आपल्याला काही सांगितलं नाही म्हणून मुलं रुसतात. म्हणून विभागाशी बोलतानाच एका वर्षापुरतं न बोलता दोन वर्षांचं बोला. निरोपाचा दिवस आधीपासून जाहीर करा. जाणारी विद्यार्थिनी जाताना पुढच्या वर्षीच्या ताईंसाठी प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी लिहून ठेवेल, असं बघा.

गणेश मंडळांकडे लोक फक्त वर्गणी आणि मांडव एवढ्याच नजरेने पाहतात. बडोद्यात मंडळाच्या कार्यकर्त्यांना गल्लीतलं प्रत्येक घर ठाऊक असतं. कोण शाळा बुडवतो, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे त्यांना आपल्याआधी कळतं. भरवशाच्या रकान्यात मी त्यांचंच नाव लिहिते. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या वर्कशॉपचे मालकही बोलावलं तर आनंदाने येतात, लेथ कसं चालतं ते दाखवतात. तिथे फक्त पाहायला न्या. हातभार म्हणून मुलांना कामाला लावणं नको. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला आणि अठराखालच्यांना धोक्याच्या कामावर ठेवायला कायद्याची मनाई आहे.

मागताना नेमकं मागा

‘मुलांसाठी काहीतरी करतोय, मदत करा’ असं म्हटलं की समोरचा ‘हो हो, नक्की’ म्हणतो आणि गोष्ट तिथेच राहते. असं म्हणा : ‘जुलै ते सप्टेंबर, मंगळवार-गुरुवार-शनिवार, पावणेदोन ते सव्वाचार, तुमची मागची खोली, दोन पंखे आणि संडास वापरायला हवा.’ तीनच महिने मागा. सयाजीरावांनी संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये लागू केलं, पण त्याआधी १८९३ पासून अमरेली भागातल्या काही गावांत ते करून पाहिलं होतं. ज्याच्या हाती सत्ता आणि खजिना होता त्यानेही आधी लहान करून पाहिलं. आपण एका गल्लीपासून सुरुवात करण्यात कमीपणा नाही.

आणि समोरच्याला विचारा, ‘यातून तुम्हाला काय हवं?’ हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण पुढचे रुसवेफुगवे इथेच टळतात. कोणाला अहवालात नाव हवं असतं, कोणाला आपल्या विद्यार्थ्यांचे तास भरायचे असतात, कोणाला फोटो हवे असतात. फोटोंचं पहिल्याच बैठकीत मिटवा. पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांचे चेहरे कुठेही जाणार नाहीत, असं स्वच्छ सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. नास्ता घेताना रांगेत उभ्या केलेल्या मुलांचा फोटो तर मी कोणालाच काढू देत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला तो फोटो वर्गात कोणी दाखवला तर काय वाटेल, एवढंच मनात आणून पाहा.

किल्ली कोणाकडे?

एका विश्वस्त संस्थेने आम्हाला हॉल दिला होता. सगळं तोंडी. ‘तुमचंच आहे समजा,’ असं म्हणाले, आणि मनापासूनच म्हणाले. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पोचलो तर आत साडीसेल लागलेला. दारात हँगर, बाहेर स्कूटर. पहारेकरी म्हणाला, ‘मला कोणी काही सांगितलं नाही.’ वरून पाऊस, अठरा मुलं पत्र्याखाली दाटीवाटीने उभी, मी एकेका आईला फोन लावते आहे. एका मुलीची वही पूर्ण भिजली, अक्षरं निळी होऊन ओघळली. तिच्या आईने तिला पुन्हा कधी पाठवलं नाही आणि मी त्या माउलीला दोष देत नाही.

तेव्हापासून प्रत्येक भागीदारासोबत आम्ही एक पान लिहितो. वकिली भाषा नसते, स्टॅम्पपेपरही नसतो. किल्ली कोणाकडे आणि दुसरी किल्ली कोणाकडे. हॉल भाड्याने द्यायचा असेल तर किती दिवस आधी सांगणार. आम्ही दहा दिवस लिहून घेतो. विजेचं बिल कोण देणार, झाडू कोण मारणार. मोडतोड झाली तर काय. मुलाला किंवा पालकाला तक्रार करायची असेल तर कोणाच्या फोनवर. दोघांच्या सह्या, एक प्रत पहारेकऱ्याच्या खोलीत चिकटवलेली. पहारेकऱ्याला त्या बैठकीला बोलवा, त्याला खुर्ची द्या, कारण रोजचं दार तोच उघडणार आहे.

संडासाचा उल्लेख त्या पानावर वेगळा हवा. मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का, बादली आहे का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, आणि तो उघडा असतो का? अनेक ठिकाणी संडास असतो, पण त्याला कुलूप असतं. मुली हे बोलून दाखवत नाहीत, महिन्यातले चार दिवस येत नाहीत एवढंच.

सुरक्षितता : इथे कोणाचाही शब्द घेऊ नका

१८ जानेवारी २०२४ रोजी आपल्याच शहरात, हरणीच्या तलावात, शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हती. त्याआधी २४ मे २०१९ रोजी सुरतेत कोचिंग क्लासच्या इमारतीला आग लागून २२ जणांचा जीव गेला, त्यात बहुतेक विद्यार्थी होते. ज्यांच्या हवाली आपण मुलं करतो, त्यांनी सगळं पाहिलं असेल असं धरून चालू नका. खोली घेण्याआधी स्वतः जा. जिने किती ते मोजा, गच्चीचं दार उघडून पाहा, खिडकीला जाळी असेल तर आतून उघडते का ते पाहा. सहलीला नेण्याआधी एकदा एकट्याने जाऊन या. पाणी असलेल्या जागी आम्ही मुलांना नेतच नाही. हा आमचा निर्णय आहे आणि मी तो बदलणार नाही.

लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण करणारा पोक्सो कायदा २०१२ चा. अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं. नवीन माणसाने यातली एक गोष्ट पाठ करून ठेवावी : असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. ‘संस्थेची बदनामी नको, आत बसून मिटवू’ असं कोणी म्हणालं, मग तो कितीही ज्येष्ठ असो, त्याचं ऐकायचं नाही. हे भागीदारांना पहिल्याच बैठकीत सांगा, प्रसंग आल्यावर नव्हे. रोजचा नियम असा ठेवा की वेळात कायम दोन मोठी माणसं हजर, त्यांत एक बाई. एक मोठा आणि एक मूल बंद दाराआड कधीच नाहीत. नियमित येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करून घ्या. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, महिलांसाठीची १८१ अभयम, मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ आणि आणीबाणीचा ११२ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत, मुलांच्या उंचीवर लावा.

दोन तासांत काय

मूल आलं की आधी खाणं. हातपाय धुऊन वीस मिनिटं खाणं आणि गप्पा. भुकेल्या मुलाला काहीही शिकवता येत नाही. केळी, शेंगदाणे-गूळ, खाखरा, कधी पोहे, आणि महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी सेव-उसळ. एका मुलामागे १५ रुपये धरले, मुलं २५ आणि महिन्यात १२ दिवस, तर ३०० नास्ते म्हणजे ४५०० रुपये. सुरुवातीला खरा खर्च एवढाच. हे पैसे गल्लीतून उभे राहतात. एकेका घराने एकेक आठवडा उचलला की झालं. कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीमागे पहिल्या वर्षी लागू नका. त्यासाठी नोंदणीकृत संस्था, सीएसआर नोंदणी आणि हिशेबांची कागदपत्रं लागतात. त्यात गुंतलात तर मुलं बाजूला राहतील.

मग पाऊण तास शांत अभ्यास. इथे शिकवणी घेऊ नका, ती त्यांना आहेच. अडलं तर विचारायला कोणीतरी असावं, एवढं पुरे. मग पाऊण तास त्या दिवसाचा विषय : मल्लखांब, चित्रं, नाटुकलं, सायकल दुरुस्ती. शेवटची दहा मिनिटं सतरंज्या गुंडाळणं आणि झाडू. ही कामं मुलांकडे सोपवा आणि मध्ये बोलू नका. आमच्याकडे दुसरी किल्ली आता दहावीतल्या एका मुलीकडे असते. महिन्याच्या भागीदार बैठकीला दोन मुलं बसतात. त्यांनी एकदा सांगितलं की पुस्तकांच्या पेटीत पोलिसी कथा नाहीत म्हणून मुलगे पेटीकडे फिरकत नाहीत. आम्हा सात मोठ्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं.

वर्षाचे बावन्न आठवडे धरू नका. श्रावणात जन्माष्टमीच्या सुमारास सातम-आठमच्या सुट्ट्या, मग गणपती, मग नवरात्र. नवरात्राच्या नऊ दिवसांत बडोद्यातलं मूल दुपारी झोपतं आणि रात्री गरब्यात असतं. ते दिवस बंदच ठेवा. त्यानंतर दिवाळीची मोठी सुट्टी, जानेवारीत उत्तरायण म्हणजे पतंगांची संक्रांत, आणि फेब्रुवारीच्या शेवटापासून बोर्डाच्या परीक्षा. दहावीची मुलं डिसेंबरनंतर येत नाहीत, त्यांना रागावू नका. पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्धं शहर पाण्यात होतं. त्या दिवसांसाठी पालकांना निरोप कोण देणार ते जूनमध्येच ठरवा. हाती खरे पंचवीसेक आठवडे येतात.

हजेरीपटातला तिसरा रकाना

सुरुवातीला आमच्या हजेरीपटात दोनच रकाने होते, नाव आणि हजर-गैरहजर. एका वर्षी संध्याकाळची बॅचही सुरू केली होती. नोव्हेंबरात नववीतली एक मुलगी यायची थांबली. ट्यूशन वाढली असेल असं आम्ही धरलं. महिन्याने तिची आई भाजी घेताना भेटली तेव्हा कळलं की हॉलच्या मागच्या बोळातला दिवा दिवाळीपासून बंद आहे. त्या दिवसांत सहाच्या सुमारास अंधारतं आणि आम्ही सोडायचो सातला. दोन तासांत काय काय करायचं ते आम्ही मिनिटामिनिटाने आखलं होतं, पण त्या दोनशे पावलांकडे पाहिलंच नव्हतं.

मग आम्ही वेळ अलीकडे घेतली. गल्लीप्रमाणे मुलांच्या टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीबरोबर मंडळाचा एक दादा आणि एक ताई दिली. बोळातल्या दिव्यासाठी महानगरपालिकेकडे अर्ज केला आणि दिवा लागेपर्यंत पाठपुरावा केला. हजेरीपटात तिसरा रकाना आला, ‘घरी पोचल्याची वेळ’. टोळीतलं शेवटचं मूल घरात शिरलं की निरोप येतो, तो लिहून मगच मी वही मिटते.

सलग तीन गैरहजेऱ्या दिसल्या की फोन करू नका, घरी जा. फोनवर ‘हो, उद्या पाठवते’ एवढंच ऐकायला मिळतं. दाराशी चप्पल काढून बसा, पाणी घ्या, आणि ‘का येत नाहीस?’ असं न विचारता ‘हल्ली शाळा किती वाजता सुटते गं?’ असं विचारा. बरेचदा पाळीच बदललेली असते.